जिंकूही नये, हरूही नये

६ जुलै १९४५. जर्मनीने शरणागती पत्करून दोन महिने झाले होते आणि अतिपूर्वेत जपान अजून लढत होता. त्या दिवशी मॉस्कोत सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोने वेगळ्याच विषयावर एक ठराव केला. इराणच्या उत्तरेकडील प्रांतांत फुटीर चळवळ कशी उभी करायची, हा तो विषय. जबाबदारी देण्यात आली बाकूत बसलेल्या मीर जाफर बागिरोव या सोव्हिएत अझरबैजानच्या पक्षप्रमुखाकडे. तबरीझमध्ये नवा पक्ष काढायचा, वर्तमानपत्रे सुरू करायची, इराणी संसदेच्या निवडणुकीत आपली माणसे उभी करायची, असा कलमवार कार्यक्रम त्यात होता. खर्चासाठी परकीय चलनातला दहा लाख रुबलांचा खास निधी ठेवला होता. कार्यकर्त्यांच्या टोळ्यांना शस्त्रे द्यायची, पण ती परदेशी बनावटीची असावीत, हेही बजावले होते. आणि एका कलमात कुर्दांचा उल्लेख होता. उत्तर इराणमधल्या कुर्दांना या चळवळीत ओढून त्यांचा स्वायत्त जिल्हा तयार करावा, असे त्यात म्हटले होते.

हा कागद सोव्हिएत संघ कोसळेपर्यंत कुलपात राहिला. नंतर बाकूच्या अभिलेखागारातून तो बाहेर आला, तेव्हा अभ्यासकांच्या नजरेस आणखी एक आदेश पडला. तो होता पंधरा दिवस आधीचा, २१ जूनचा. उत्तर इराणमध्ये खनिज तेलाचा शोध घेण्याचा. १९४४ मध्ये मॉस्कोने तेहरानकडे तेलाच्या सवलती मागितल्या होत्या आणि तेहरानने नकार दिला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले की क्रम स्पष्ट होतो. आधी तेल, मग त्या तेलासाठी तेहरानवर दबाव, आणि तो आणण्यासाठी तिथल्या अल्पसंख्य समाजांची स्वातंत्र्याची आस.

ती आस खरी होती, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. परकी मदत घेणाऱ्या चळवळींना 'बाहुले' म्हणून मोकळे होण्याची सवय सर्वच राजधान्यांना असते, आणि कुर्दांच्या बाबतीत तो सरळसरळ अन्याय आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या सेव्हर करारात कुर्दांना स्वतंत्र राज्याची शक्यता दाखवली गेली. १९२३च्या लोझान करारात तिचा मागमूसही उरला नाही. कुर्दांचा डोंगराळ मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया यांच्यात वाटला गेला. यातला इराक हा देशच नवा होता. ज्या मेसोपोटेमियासाठी ब्रिटिशांनी मराठा पलटणी लढवल्या आणि १९१६ मध्ये कुतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजन गमावली, त्याच मुलखात मोसुलचा कुर्दबहुल प्रांत जोडून ब्रिटिशांनी तो घडवला. मोसुल त्यात का हवे होते, याचे एक मोठे कारण जमिनीखाली होते. कुर्दांनी तेव्हापासून बंडे केली, ती कुणाच्या पैशावर नव्हे.

ऑगस्ट १९४१ मध्ये सोव्हिएत आणि ब्रिटिश फौजा दोन बाजूंनी इराणमध्ये घुसल्या. जर्मनांशी सलगीचा संशय असलेल्या रझा शाहला पदत्याग करावा लागला आणि त्याचा तरुण मुलगा मोहम्मद रझा गादीवर आला. उत्तर रशियनांच्या ताब्यात, दक्षिण इंग्रजांच्या. उर्मिया सरोवराच्या दक्षिणेचे महाबाद हे छोटे कुर्द शहर या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध सापडले. इराणी सरकारचा वचक संपला होता आणि त्याची जागा कुणी नीट घेतली नव्हती. तिथल्या मध्यमवर्गीय तरुणांनी १९४२ मध्ये एक गुप्त संघटना काढली. पुढे तिचे नेतृत्व शहरातल्या प्रतिष्ठित घराण्यातल्या काझी मुहम्मद यांच्याकडे आले. ते धर्मशास्त्र जाणणारे न्यायाधीश होते. विचाराने कम्युनिस्ट मुळीच नव्हते.

सप्टेंबर १९४५ मध्ये काझी आणि काही कुर्द सरदारांना बाकूला नेण्यात आले. बागिरोव यांनी मोठा पाहुणचार केला. आधी तबरीझमध्ये उभ्या राहणाऱ्या अझरबैजानी सरकारात सामील व्हा, असा त्यांचा आग्रह होता. कुर्दांनी तो मानला नाही, त्यांना स्वतःचे वेगळे राज्य हवे होते. अखेर बागिरोव यांनी रणगाडे, तोफा आणि छापखाना देण्याचे आश्वासन दिले. यातला छापखाना आला. रणगाडे आणि तोफा कधीच आल्या नाहीत.

२२ जानेवारी १९४६ रोजी महाबादच्या चार दिव्यांच्या चौकात प्रजासत्ताकाची घोषणा झाली. काझी मुहम्मद सोव्हिएत धाटणीचा लष्करी गणवेश घालून आले होते आणि डोक्यावर मात्र नेहमीचा पांढरा फेटा होता. त्या दिवसाचे सगळे राजकारण त्या पोशाखात दिसते. पुढच्या अकरा महिन्यांत तिथे जे घडले ते आकाराने लहान, पण कुर्दांच्या स्मरणात आजही ठळक आहे. 'कुर्दिस्तान' नावाचे वर्तमानपत्र निघू लागले. शाळेत मुलांना पहिल्यांदाच त्यांच्या मातृभाषेतून पुस्तके मिळाली. रशियनांनी तंबाखूचे पीक विकत घेतले, त्यामुळे तिजोरीत थोडे पैसे आले. लष्कराचा खरा कणा मात्र सीमेपलीकडून आला होता. इराकमधल्या बंडात हार पत्करून मुल्ला मुस्तफा बारझानी आपले लढवय्ये आणि त्यांची बायकामुले घेऊन १९४५च्या शरदात इराणमध्ये उतरले होते. या माणसाचे नाव आपल्याला पुढे पुन्हा पुन्हा घ्यावे लागणार आहे.

१९४२च्या करारानुसार युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत परकी फौजांनी इराण सोडायचा होता. २ मार्च १९४६ ही ती तारीख. इंग्रज गेले, रशियन थांबले. इराणने हा प्रश्न नव्याने जन्मलेल्या सुरक्षा परिषदेपुढे नेला. परिषदेपुढे आलेल्या अगदी पहिल्या तक्रारींपैकी ही एक. शीतयुद्धाच्या इतिहासात अमेरिकेच्या कणखरपणाने रशियन मागे हटले, असे सांगण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले श्रेय इराणचे वृद्ध पंतप्रधान अहमद कवाम यांना जाते. ते स्वतः मॉस्कोला गेले, स्टालिनशी वाटाघाटी केल्या आणि ४ एप्रिल १९४६ रोजी करार केला. रशियनांनी फौजा काढाव्यात, बदल्यात उत्तर इराणच्या तेलासाठी संयुक्त कंपनी निघेल आणि तिची ५१ टक्के मालकी सोव्हिएत संघाकडे राहील. एकच अट होती : कराराला संसदेची मंजुरी लागेल.

९ मेपर्यंत रशियन फौजा निघून गेल्या. त्या जात असताना स्टालिनने तबरीझमधल्या अझरबैजानी सरकारचे नेते जाफर पिशेवरी यांची पत्र लिहून समजूत काढली. आम्ही इराणमध्ये राहिलो तर इंग्रज-अमेरिकनांना इतरत्र राहण्याचे निमित्त मिळेल, आणि तुमच्याकडे क्रांतीला लागणारी परिस्थितीही अजून पिकलेली नाही, असा त्याचा आशय होता. ज्यांच्याकडून चळवळ उभी करून घेतली, त्यांनाच आता क्रांतीचे शास्त्र शिकवले जात होते.

कवाम यांनी पुढचा डाव सावकाश खेळला. संसदेची मंजुरी हवी तर निवडणुका हव्यात, निवडणुका नीट व्हाव्यात तर सगळ्या प्रांतांत लष्कर हवे, असे त्यांनी सांगितले. मॉस्कोला तेलाची आशा होती, म्हणून मॉस्को गप्प बसले. डिसेंबर १९४६ मध्ये इराणी लष्कर तबरीझमध्ये शिरले आणि काही दिवसांतच महाबादला पोहोचले. बारझानी यांनी काझींना आपल्याबरोबर निघण्याचा आग्रह केला. काझी गेले नाहीत. आपण पळालो तर सूड शहरावर उगवला जाईल, हे ते ओळखून होते. लष्कराने छापखाना बंद केला, कुर्दी पुस्तकांची होळी केली. ३१ मार्च १९४७ रोजी पहाटे काझी मुहम्मद, त्यांचे भाऊ सद्र काझी आणि चुलतभाऊ सैफ काझी यांना त्याच चार दिव्यांच्या चौकात फाशी दिले गेले.

ऑक्टोबर १९४७ मध्ये इराणच्या संसदेने तेलाचा करार १०२ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. ज्या तेलासाठी मॉस्कोने महाबाद सोडून दिले, ते तेलही मॉस्कोला मिळाले नाही.

बारझानी मात्र निसटले. त्यांनी बायकामुलांना इराकमध्ये परत पाठवले आणि निवडक सुमारे ५०० लढवय्ये घेऊन ते उत्तरेकडे निघाले. मागे इराणी फौज, बाजूला तुर्कस्तानची सीमा, वर विमाने. डोंगरांच्या कडेकडेने चालत त्यांनी जून १९४७ मध्ये अरास नदी ओलांडली आणि सोव्हिएत हद्दीत आसरा घेतला. तिथे अकरा वर्षे गेली. त्यांच्या माणसांना दूरदूर पांगवण्यात आले. बऱ्याच जणांना उझबेकिस्तानात कामाला धाडले. १९५८ मध्ये बगदादमध्ये राजेशाही उलथली, तेव्हा अब्दुल करीम कासिम यांनी त्यांना सन्मानाने परत बोलावले. तो सन्मान तीन वर्षे टिकला. १९६१ पासून इराकच्या उत्तरेत पुन्हा बंदुका वाजू लागल्या.

आता पट बदलतो, खेळणारे हात बदलतात, खेळ तोच राहतो.

साठच्या दशकात बारझानींना पहिली भरीव मदत मिळाली ती इराणकडून आणि इस्रायलकडून. महाबाद चिरडणारा तोच शाह आता इराकी कुर्दांना शस्त्रे देत होता. कारण सरळ होते. शत-अल-अरब या नदीवरून बगदादशी त्याचे जुने भांडण होते आणि कुर्दांशी लढणारी इराकी फौज इराणवर येऊ शकत नव्हती. इस्रायलचा हिशेबही तसाच होता : उत्तरेच्या डोंगरांत गुंतलेल्या इराकी पलटणी इस्रायलच्या सीमेवर दिसणार नव्हत्या. इस्रायली सल्लागार, डॉक्टर, पुढे एक रुग्णालयही इराणमार्गे कुर्दिस्तानात पोहोचले. स्वतःच्या देशातल्या कुर्दांना मात्र शाहने कुठलीच मोकळीक दिली नाही, आणि बारझानींनीही त्या कुर्दांना आसरा देऊ नये अशी त्याची अट होती. बारझानींनी ती पाळली. सीमेपलीकडच्या काही कुर्द बंडखोरांना त्यासाठी जिवाला मुकावे लागले. परक्याकडून घेतलेल्या मदतीची किंमत आधी आपल्याच लोकांना मोजावी लागते, हे इथे अगदी उघड दिसते, आणि बारझानींच्या कारकिर्दीवरचा हा डाग त्यांच्या चाहत्यांनाही पुसता आलेला नाही.

११ मार्च १९७० रोजी बगदादच्या बाथ पक्षाच्या सरकारने कुर्दांशी स्वायत्ततेचा करार केला. वाटाघाटी करायला डोंगरात स्वतः आला होता तेव्हाचा उपाध्यक्ष सद्दाम हुसेन. चार वर्षांत अंमलबजावणी व्हायची होती. किर्कुक कुणाचे, या प्रश्नावर गाडे अडले, कारण किर्कुकखाली तेल होते आणि दोन्ही बाजूंना ते हवे होते.

सरकारचा दुसरा हेतू २९ सप्टेंबर १९७१ रोजी कळला. हाजी ओमरान इथे बारझानींना भेटायला बगदादहून मौलवींचे एक शिष्टमंडळ आले. बोलणे टिपून आणा, असे सांगून इराकी सुरक्षा यंत्रणेने त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर दिले होते. चहा द्यायला आलेला माणूस नेमका बारझानी आणि पाहुण्यांच्या मध्ये उभा होता, तेवढ्यात बटण दाबले गेले आणि स्फोट झाला. त्या यंत्रांत बॉम्ब होते, आणि बिचाऱ्या मौलवींना त्याची कल्पनाही नव्हती. मौलवी मारले गेले, चहा देणारा गेला, बारझानी वाचले. मौलवींना घेऊन आलेल्या गाड्यांच्या चालकांनी बाहेर हातबॉम्बही फेकले. त्या दुपारनंतर करारावर विश्वास ठेवणे कुणालाही कठीण गेले असते.

एप्रिल १९७२ मध्ये इराकने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला आणि १ जूनला इराक पेट्रोलियम कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच आठवड्यात मॉस्कोहून परतताना अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर तेहरानला थांबले. कुर्दांना मदत करा, अशी शाहने गळ घातली. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा याला विरोध होता. आधीच्या विनंत्या वॉशिंग्टनने नाकारल्याही होत्या. पण यावेळी निर्णय वरच्या वर झाला. गुप्त कारवायांना मंजुरी देणारी समितीसुद्धा नीट बसली नाही. सदस्यांना नंतर कळवण्यात आले. निक्सन यांचा होकार सांगायला त्यांचे दूत जॉन कॉनली तेहरानला गेले आणि जूनच्या अखेरीस बारझानींचा मुलगा इद्रिस आणि त्यांचे सहकारी डॉ. महमूद उस्मान यांनी वॉशिंग्टनमध्ये सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांची भेट घेतली.

पुढच्या तीन वर्षांत सीआयएने सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरची शस्त्रे आणि दारूगोळा पोहोचवला. इराणचा वाटा याच्या कितीतरी पट होता. शस्त्रे शक्यतो सोव्हिएत बनावटीची निवडली होती, म्हणजे मूळ पुरवठादाराचा माग लागू नये. १९४५च्या मॉस्कोच्या ठरावातही हीच खबरदारी होती. फक्त तेव्हा शस्त्रे सोव्हिएत बनावटीची नसावीत असे म्हटले होते.

ही मदत कशासाठी होती? याचे उत्तर अमेरिकी काँग्रेसच्या पाइक समितीने शोधले. सीआयएच्या कागदपत्रांवरून समितीने निष्कर्ष काढला की अध्यक्ष, किसिंजर आणि शाह या तिघांपैकी कुणालाही कुर्दांचा विजय नको होता. इराकची शक्ती खर्ची पडेल इतकी लढाई चालू राहावी, पण निकाल लागू नये, एवढेच त्यांना हवे होते. मार्च १९७४च्या सीआयएच्या टिपणात कुर्द म्हणजे इराकच्या महत्त्वाकांक्षेला वेसण घालण्याचे एक साधन, असे स्पष्ट लिहिले होते. हे धोरण ज्यांच्यावर राबवले जात होते त्यांना कुणी सांगितले नाही. त्यांना लढत राहा, एवढेच सांगितले जात होते.

आणि बारझानी यांचा विश्वास होता. शाहवर नव्हता, त्याला ते पुरते ओळखून होते. विश्वास अमेरिकेवर होता. शाहने कधी हात आखडता घेतला तरी अमेरिका त्याला तसे करू देणार नाही, असे ते धरून चालले होते. १९७३ मध्ये एका अमेरिकी वार्ताहराला त्यांनी सांगितले की अमेरिकेने लांडग्यांपासून आमचे रक्षण केले तर किर्कुकचे तेलक्षेत्र आम्ही अमेरिकी कंपनीकडे सोपवू. किसिंजर यांना त्यांनी भेट म्हणून तीन गालिचे पाठवले. मार्च १९७४ मध्ये किसिंजर यांचे लग्न झाले तेव्हा वधूसाठी सोन्या-मोत्यांचा हार पाठवला. डोंगरातल्या सरदाराच्या जगात भेटवस्तूने नाते बांधले जाते आणि नात्याला शब्द द्यावा लागतो. वॉशिंग्टनमध्ये त्या भेटी लपवून ठेवण्याची काळजी घेतली गेली, कारण देणाऱ्याचे नाव उघड होणे परवडणारे नव्हते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. इराकी फौजा सीरियाच्या मदतीला गेल्या होत्या. कुर्दांनी आता मैदानात उतरून चढाई करावी, असे इस्रायलींनी सुचवले. बारझानींनी अमेरिकेला विचारले. उत्तर आले, नको. इतिहासात 'जर' फार ताणू नये; मैदानात इराकी रणगाड्यांपुढे कुर्द टिकले असते असे म्हणणे धाडसाचे आहे. पण सल्ला देणाऱ्याच्या मनात कुर्दांचे हित होते की युद्धविरामाची गणिते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

११ मार्च १९७४ रोजी बगदादने आपल्या मनाप्रमाणे स्वायत्ततेचा कायदा जाहीर केला. किर्कुक त्यात नव्हते. स्वीकारायला पंधरा दिवस दिले. बारझानींनी नकार दिला. परकी पाठीराख्यांचे बळ नसते तर त्यांनी कदाचित पदरात पडेल ते घेतले असते. पाइक समितीचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. युद्ध पेटले ते आधीच्या सगळ्या बंडांपेक्षा मोठे. ज्या सोव्हिएत संघाने एकेकाळी बारझानींना आसरा दिला, त्याचीच विमाने आता इराकी वैमानिक त्यांच्या गावांवर आणत होते. शहरांतले डॉक्टर, शिक्षक, अभियंते आणि विद्यार्थी डोंगरात निघून गेले. सुलेमानिया विद्यापीठाचे अनेक प्राध्यापक आणि विद्यार्थी कला दिझा या सीमेजवळच्या गावात जमले होते. २४ एप्रिलला त्या गावावर बॉम्ब पडले आणि शंभराहून अधिक माणसे मेली.

वर्ष संपता संपता कुर्दांचा टिकाव इराणी तोफांवर आणि इराणी क्षेपणास्त्रांवर अवलंबून राहू लागला. गनिमी काव्याने लढणारे पेशमर्गा, म्हणजे कुर्द लढवय्ये, आता मोर्चे धरून नेहमीच्या फौजेसारखे लढत होते. शाहनेच त्यांना तसे लढायला लावले होते. त्याचा अर्थ एवढाच होता की तोफा मागे घेतल्या की सारे संपणार होते.

त्या तोफा ६ मार्च १९७५ नंतर मागे गेल्या.

अल्जिअर्समध्ये तेल निर्यातदार देशांची शिखर परिषद भरली होती. अल्जेरियाचे अध्यक्ष हुआरी बूमेदिएन यांनी शाह आणि सद्दाम यांना समोरासमोर बसवले. दोघांनी करार जाहीर केला आणि सर्वांदेखत एकमेकांना मिठी मारली. शत-अल-अरबची सीमा पात्राच्या सर्वांत खोल भागातून जाईल, ही इराणची मागणी इराकने मान्य केली. बदल्यात सीमेवरून होणारी 'विध्वंसक घुसखोरी' दोन्ही देश थांबवतील. घुसखोरी म्हणजे कुर्द. एका नदीच्या मध्यरेषेसाठी त्यांचा व्यवहार झाला. वाटाघाटींत त्यांना कुणी बोलावले नव्हते, आणि कराराची बातमी त्यांना इतरांबरोबरच कळली.

सीमेवरच्या इराणी तोफा हलू लागल्या. इराकी फौजेने ताबडतोब चढाई केली. १० मार्चला बारझानींनी किसिंजर यांना पत्र पाठवून मदतीची याचना केली. तेहरानमधल्या सीआयएच्या अधिकाऱ्यानेही वरिष्ठांना कळवले की कुर्दांना सोडून दिल्यासारखे दिसू देऊ नका. कुणाला उत्तर मिळाले नाही. बारझानी शाहला भेटले. शाहने त्यांना निवड दिली : इराणमध्ये या किंवा इराकला शरण जा, सीमा काही दिवसच उघडी राहील. बारझानींनी लढाई थांबवण्याचा निर्णय घेतला. त्यांच्यातले अनेक तरुण लढायला तयार होते आणि त्या निर्णयावरून कुर्दांत पडलेली फूट पुढे कधीच पूर्ण भरून आली नाही. जलाल तालबानी यांनी त्याच वर्षी वेगळा पक्ष काढला.

मार्चच्या बर्फात कुटुंबांच्या रांगा सीमेकडे निघाल्या. पाइक समितीच्या अंदाजाने दोन लाखांहून अधिक लोक इराणमध्ये गेले, आणि त्यातल्या ४० हजारांहून जास्त लोकांना इराणने नंतर जबरदस्तीने परत पाठवले. अमेरिकेने निर्वासितांसाठीही हात पुढे केला नाही. या उदासीनतेबद्दल समितीपुढे विचारणा झाली, तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्याने गुप्त कारवायांची आणि धर्मादाय कामाची गल्लत करू नका, अशा अर्थाचे उत्तर दिले. ते किसिंजर होते, असे सर्वत्र मानले जाते.

किसिंजर यांची बाजूही नोंदवायला हवी. आपल्या आठवणींच्या शेवटच्या खंडात त्यांनी लिहिले की कुर्दांना वाचवायचे तर उघड आणि प्रचंड खर्चाची मोहीम हाती घ्यावी लागली असती. व्हिएतनाममध्ये हात पोळून घेतलेल्या काँग्रेसने ती मान्य केली नसती, आणि शाहला आपला निर्णय फिरवायला भाग पाडणे शक्य नव्हते. १९७५च्या मार्चपुरते हे म्हणणे खोटे नाही. पण ते जून १९७२ला लागू पडत नाही. तेव्हा कुणी अमेरिकेच्या हाताला धरले नव्हते. जिंकू द्यायचे नाही असे ठरवून ज्यांना लढायला लावले, त्यांना वाचवण्याचा प्रश्न कधी ना कधी येणारच होता.

हे सारे जगाला कळूही दिले जाणार नव्हते. जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने मतदान करून पाइक समितीचा अहवाल दडपला. फेब्रुवारीत तो फुटला आणि न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात छापून आला.

मुल्ला मुस्तफा बारझानी कर्करोगाच्या उपचारांसाठी अमेरिकेत गेले आणि तिथेच राहिले. १ मार्च १९७९ रोजी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्याच्या सहा आठवडे आधी शाह इराण सोडून पळाला होता. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दामने दूरचित्रवाणीवर अल्जिअर्सचा करार फाडला आणि इराणवर चाल केली. मग दोन्ही राजधान्यांनी जुनाच मार्ग धरला. बगदादने इराणमधल्या कुर्दांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला पैसा आणि शस्त्रे दिली. तेहरानच्या नव्या इस्लामी सरकारने बारझानींच्या मुलांना, इद्रिस आणि मसूद यांना, आपल्या बाजूला घेतले.

जुलै १९८३ मध्ये इद्रिस आणि मसूद यांच्या लोकांच्या मदतीने इराणी फौजेने हाजी ओमरान जिंकले. सद्दामने त्याचा हिशेब जे हाताला सापडले त्यांच्याकडून चुकता केला. १९७५ नंतर बारझान खोऱ्यातल्या कुटुंबांना आधी दक्षिणेच्या वाळवंटात हद्दपार केले होते आणि मग एर्बिलजवळच्या कुश्तपा छावणीत आणून ठेवले होते. हाजी ओमरान पडल्यानंतर काही दिवसांतच सैनिकांनी छावण्यांना वेढा घातला आणि बारझानी टोळीतले पुरुष आणि वयात आलेली मुले वाहनांत भरून नेली. सगळ्या छावण्या मिळून ते सुमारे ८ हजार होते. त्यातले बहुतेक युद्धात कुठल्याच बाजूने लढले नव्हते. आडनाव बारझानी असणे एवढाच त्यांचा गुन्हा होता. घरच्या बायकांनी वीस वर्षे त्यांची वाट पाहिली. सद्दाम गेल्यावर दक्षिण इराकच्या वाळवंटात सामूहिक कबरी सापडल्या आणि २००५ मध्ये त्यातल्या ५१२ जणांचे अवशेष कुर्दिस्तानात परत आणले गेले.